जुना जीपीएस अपडेट करायचा की मोबाईलच पुरे? नाशिककर गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाड्यांना स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा, सेन्सर बसवून देणं हा आमचा धंदा. दिवाळी आणि मे महिन्याची सुटी जवळ आली की ग्लोव्ह बॉक्समध्ये पडून असलेले जुने नॅव्हिगेटर, म्हणजे रस्ता दाखवणारे जीपीएसचे डबे, काउंटरवर यायला लागतात. सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. मोबाईल होल्डर आणि चार्जर आम्हीही विकतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना तेवढं लक्षात असू द्या.

एका वाक्यात सांगा, अपडेट करू की नको?

नकाशा फुकट मिळत असेल तर करा, पैसे मागत असतील तर करू नका. तेच पैसे चांगल्या होल्डरवर आणि दमदार चार्जरवर घाला.

डबा तर ठणठणीत आहे. नकाशा चार-सहा वर्षं जुना असला म्हणून काय बिघडतं?

रस्ते आहेत तसेच राहिले असते तर काहीच बिघडलं नसतं. पण नाशिकच्या आजूबाजूला गेल्या काही वर्षांत जेवढं बदललं तेवढं त्याआधी क्वचितच बदललं असेल.

समृद्धी महामार्गच घ्या. एकूण लांबी ७०१ किलोमीटर. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, शिर्डी ते भरवीर मे २०२३ मध्ये, भरवीर ते इगतपुरी मार्च २०२४ मध्ये आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ रोजी. तुमच्या डब्यातला नकाशा २०१८चा असेल तर त्याच्या लेखी यातलं काहीच अस्तित्वात नाही. समृद्धीवर गाडी शंभराने पळत असते आणि पडद्यावरचा बाण रिकाम्या पिवळ्या जागेतून, म्हणजे कुणाच्या तरी कांद्याच्या वावरातून चाललेला दिसतो. मधूनमधून आवाज येतो, ‘शक्य होईल तिथून मागे वळा.’ त्या रस्त्यावर मागे वळणं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दुसरी भानगड क्रमांकांची. राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक देण्याचा निर्णय २०१० सालचा, पण जुन्या नकाशांत नाशिक-पुणे रस्ता अजून ५० क्रमांकाचाच असतो. पाटीवर आता ६० दिसतो. ज्याला रस्ता पाठ आहे त्याला फरक पडत नाही, पण सिन्नरच्या फाट्यावर पहिल्यांदाच आलेला माणूस पाटी आणि पडदा जुळवत बसतो आणि मागचे ट्रकवाले हॉर्नवर हात ठेवून असतात.

दुकानं, पेट्रोल पंप, दवाखाने, शाळा यांची यादी तर रस्त्यांपेक्षाही लवकर शिळी होते. रात्री अकराला मेडिकल शोधायला जुन्या डब्याचा उपयोग नाही.

गाडीच्या स्टिरिओतच कंपनीचं नॅव्हिगेशन आहे. त्याचं काय?

यात दोन प्रकार येतात, ते वेगळे करून बघा.

स्टिरिओला अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर प्रश्नच मिटला. फोन केबलने जोडा, फोनवरचा नकाशा गाडीच्या मोठ्या पडद्यावर येतो. कित्येकांच्या गाडीत ही सोय असते आणि त्यांना पत्ताच नसतो, कारण गाडी घेतल्यापासून यूएसबीला फक्त पेन ड्राइव्ह लावलेला असतो. आधी चांगली केबल लावून बघा. सिग्नलवर मिळणारी स्वस्त केबल फोन चार्ज करते, पण तिच्यातून डेटा जातोच असं नाही. ‘कारप्ले बिघडलंय’ म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्या आम्ही नुसती केबल बदलून परत पाठवतो.

ही सोय नसेल आणि नकाशा एसडी कार्डावर असेल, तर अपडेट सहसा शोरूममधूनच करून घ्यावा लागतो. बऱ्याच गाड्यांत ते कार्ड त्याच गाडीशी किंवा त्याच युनिटशी जोडलेलं असतं. मित्राचं कार्ड घातलं तर चालत नाही, आणि बाजारात मिळणारी ‘कॉपी’ कार्डं हा सरळ जुगार आहे. शोरूमने पाच-सहा हजारांच्या घरातला आकडा सांगितला तर नमस्कार करून निघा. त्यात आणखी थोडी भर घालून अँड्रॉइड ऑटोवाला नवा स्टिरिओ बसतो, आणि नकाशासाठी पुन्हा खर्च करावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र कंपनीच्या नॅव्हिगेशनच्या बाजूने सांगायला हवी. बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत. समृद्धीवरचा इगतपुरीजवळचा बोगदा जवळजवळ आठ किलोमीटरचा आहे. तिथे साधा मोबाईल शेवटच्या वेगावरून अंदाज बांधतो. गाडीत बसवलेल्या काही यंत्रणांना मात्र चाकांचा वेग आणि वळण थेट कळतं, त्यामुळे त्यांचा बाण आतही जागेवर राहतो.

गार्मिन कंपनीचा ‘नुवी’ हा जुना नॅव्हिगेटर आहे. त्यात फुकटात नवा नकाशा येईल?

दोन वाटा आहेत. पॅकिंगवर किंवा मॉडेलच्या नावात लाइफटाइम मॅप्सची खूण असेल, तर संगणकावर गार्मिन एक्सप्रेस हे सॉफ्टवेअर टाका आणि डबा जोडा. नकाशा उपलब्ध असेल तर तिथेच दिसेल. फक्त जुन्या मॉडेलची आतली मेमरी अपुरी पडते, मग मायक्रो एसडी कार्ड घालावं लागतं. एवढं करून तो जुन्या मेमरीचं रडगाणं गात बसला, तर नको असलेल्या भाषांचे आवाज आणि मदतीच्या फायली काढून टाका, जागा होते.

दुसरी वाट थोडी खटपटीची. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला मोफत नकाशा आहे, आणि गार्मिनला चालेल अशा रूपातला भारताचा नकाशा नेटवर मिळतो. ती फाइल कार्डावर गार्मिन नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली की डबा ती उचलतो. रस्ते बऱ्यापैकी ताजे असतात. घरनंबर, सोसायटीचं नाव टाकून पत्ता शोधायला मात्र हा नकाशा कच्चा आहे. गावाला किंवा चौकाला पोहोचायचं असेल तर छान.

ऑनलाइन घेतलेला बिनब्रँडचा सात इंची आहे...

राहू द्या. त्यातली बरीच यंत्रं विंडोज सीई या जुन्या प्रणालीवर चालतात आणि त्यांच्या नकाशामागे कुणी उभं नसतं.

डब्यावर तारीख वीस वर्षं मागची दिसते. बिघडलाय का?

बिघाड नाही, त्याचा आठवड्यांचा हिशेब संपला आहे. जीपीएसचे उपग्रह तारीख पाठवताना आठवड्याचा क्रमांक पाठवतात. मूळ रचनेत त्या क्रमांकाला जागाच एवढी, की १०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते. म्हणजे साधारण १९ वर्षं ८ महिने. पहिला फेरा ऑगस्ट १९९९ मध्ये पुरा झाला, दुसरा एप्रिल २०१९ मध्ये, पुढचा नोव्हेंबर २०३८ मध्ये होईल. ज्या यंत्राच्या सॉफ्टवेअरला हे सांभाळून घ्यायला शिकवलेलं नाही, ते जुन्याच काळात अडकून बसतं. काही यंत्रं आपली मोजणी मधल्याच एखाद्या तारखेपासून धरतात, त्यामुळे ती २०१९ला नीट चालली आणि नंतर कधीतरी अचानक घसरली.

जागा बहुधा बरोबर दाखवली जाते. पोहोचण्याची वेळ किंवा रात्रीचा काळा पडदा मात्र चुकू शकतो. कंपनीने नवं फर्मवेअर, म्हणजे यंत्राचं आतलं सॉफ्टवेअर, दिलं असेल तर ते टाका. ते फुकट असतं, आणि नकाशाच्या अपडेटशी त्याचा संबंध नाही. दिलं नसेल तर घड्याळ मनगटावरचं बघा.

चालू केला की कितीतरी वेळ उपग्रहच शोधत बसतो.

महिनोन्महिने बंद होता ना? कुठला उपग्रह कुठे असेल याचं वेळापत्रक उपग्रह स्वतःच पाठवतात, आणि ते पूर्ण उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटं लागतात. मोबाईल हीच माहिती नेटवरून चुटकीसरशी घेतो, म्हणून तो हुशार वाटतो. डबा सोसायटीच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये सुरू करू नका. मोकळ्या मैदानात गाडी उभी करा, चहा घ्या, तोवर तो ठिकाणावर येईल. एकदा आला की पुढचे काही दिवस लवकर सुरू होतो.

मोबाईलला रेंज नसेल तर जीपीएस बंद पडतो ना? पेठ-सुरगाण्याकडे रेंजच नसते.

हा गैरसमज इतका पक्का बसला आहे, की लोक केवळ त्यापायी जुना डबा जपून ठेवतात. जीपीएसला नेट लागत नाही. उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून संदेश पाठवतात, फोनमधली चिप तो थेट पकडते. किमान चार उपग्रह दिसले की जागा कळते. सिम काढलेल्या फोनलाही कळते. नेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला, पत्ता शोधायला आणि ट्रॅफिक बघायला.

तेव्हा चित्र आधीच उतरवून ठेवा. गूगल मॅप्समध्ये वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर टिचकी मारा, ऑफलाइन नकाशांचा पर्याय येतो, तिथे चौकोन ओढून अख्खा नाशिक जिल्हा आणि वर हवं तर डांग, पालघरचा भाग घ्या. काही शे एमबी जागा लागेल. घरच्या वायफायवर करा. या नकाशाला मुदत असते, ती तिथेच लिहिलेली दिसते. निघण्याच्या आदल्या रात्री एकदा नजर टाका, सावळ घाटात पोहोचल्यावर नव्हे.

ऑफलाइन असताना गाडीचा रस्ता मिळतो, पण कोंडी कळत नाही आणि पर्यायी रस्ते सुचवले जात नाहीत. हरसूल, जव्हार, सुरगाणा, साल्हेरच्या बाजूला कोंडी तशीही नसते. तिकडे जाणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही.

आणि हो, फक्त वायफायवर चालणाऱ्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिप नसते. घरातला टॅब डॅशबोर्डला लावण्याआधी हे तपासा.

द्वारकेच्या उड्डाणपुलावर मोबाईल गोंधळतो. जुना डबा बरा होता का?

नाही, तोही गोंधळायचा, फक्त त्याला पूलच माहीत नसेल तर ठामपणे चुकायचा. मुंबई नाक्याकडून के. के. वाघ कॉलेजकडे जाणारा हा पूल २०१३ पासून वापरात आहे. अडचण अशी, की पूल आणि त्याखालचा सर्व्हिस रोड नकाशावर एकमेकांवरच येतात. जीपीएस डावी-उजवीकडची जागा काही मीटरपर्यंत बरोबर सांगतो, पण उंचीच्या बाबतीत त्याहून कच्चा आहे. त्यामुळे तुम्ही वर आहात की खाली, हे त्याला खात्रीने कळत नाही. तुम्ही वरून जात असता आणि तो सांगतो, ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा.’

उपाय जुनाच आहे: चढण्याआधी ठरवा. द्वारका, काठे गल्ली, जुनं नाशिक गाठायचं असेल तर खालून. आडगाव, ओझर, पिंपळगाव, मालेगावकडे जायचं असेल तर वरून. गूगल मॅप्स २०२४ पासून भारतातल्या काही शहरांत पूल घ्यायचा की नाही हे सांगू लागलं आहे. मॅपमायइंडियाचं मॅपल्स हे अ‍ॅप मोठ्या चौकांचं त्रिमितीय चित्र दाखवतं. पाहुणे मुंबईहून पहिल्यांदा येत असतील तर त्यांना हे अ‍ॅप जरूर सुचवा.

मोबाईल तापून बंद पडतो. डबा कधी बंद पडला नाही.

खरं आहे, आणि डब्याच्या बाजूने असलेला हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. अ‍ॅपल स्वतःच सांगतं, की आयफोन शून्य ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा. एप्रिल-मेमध्ये नाशकातली सावलीतली हवाच चाळिशीला टेकते. काचेवर चिकटवलेला फोन, वरून ऊन, पडदा पूर्ण उजेडावर, खालून चार्जिंग आणि आत जीपीएस चालू. तो बिचारा आधी पडदा अंधूक करतो, मग चार्जिंग थांबवतो, मग हात वर करतो.

काचेवरचा सक्शनचा होल्डर काढा आणि एसीच्या जाळीला लावायचा घ्या. थंड झोत थेट फोनच्या पाठीवर येतो. जाड कव्हर काढून ठेवा. वायरलेस चार्जिंगपेक्षा केबल बरी, कारण वायरलेसमध्ये उष्णता जास्त होते. उन्हात गाडी लावून दर्शनाला जाताना फोन आत ठेवू नका. हे डब्यालाही लागू आहे, त्याच्या पोटातही लिथियमचीच बॅटरी असते. पाठ फुगलेली दिसली तर तो पुन्हा चार्जिंगला लावू नका.

होल्डरला लावलेला मोबाईल बघितला तर पोलीस दंड करतील?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून स्पष्ट तरतूद आहे, की गाडी चालवताना असं उपकरण फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येतं, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. फोन हातात धरून बोलणं, मेसेज करणं यात बसत नाही. त्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद किंवा दोन्ही सांगितलं आहे. म्हणून होल्डर हवाच. मांडीवर फोन ठेवून ‘नकाशाच बघत होतो’ म्हणणाऱ्याचं सीबीएसच्या सिग्नलवर कुणी ऐकून घेत नाही. होल्डर एअरबॅगच्या झाकणावर लावू नका आणि समोरचा रस्ता झाकेल असाही लावू नका.

फोन आला की नकाशा गायब होतो. वडिलांना तर ते अजिबात जमत नाही.

मग घरातला जुना मोबाईल त्याच कामाला लावा. आम्हाला सगळ्यात जास्त आवडणारा तोडगा हाच. दोन-तीन वर्षांपूर्वीचा, काच थोडी तडकलेला, ड्रॉवरमध्ये पडलेला अँड्रॉइड घ्या. सगळी अ‍ॅप्स काढून टाका, नकाशा तेवढा ठेवा, ऑफलाइन जिल्हा उतरवा, अक्षरं मोठी करा, आवाज हिंदीत लावा. ट्रॅफिक हवं असेल तर खिशातल्या फोनचं हॉटस्पॉट द्या. म्हटलं तर हा नवा नॅव्हिगेटरच झाला, आणि त्याला फोन येणार नाही. नाशिकरोडचं घर, मुलीचं घर, डॉक्टर, देवळाली कॅम्पातलं मित्रमंडळ अशी चार-पाच ठिकाणं साठवून द्या. वडिलांना मग फक्त नावावर बोट ठेवायचं काम.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं लोकेशन जुन्या डब्यात कसं टाकायचं?

लोकेशन गूगल मॅप्समध्ये उघडलं की नकाशावर टाचणी दिसते. तिच्यावर बोट दाबून ठेवलं की अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे येतात. डब्यात निर्देशांक टाकण्याचा पर्याय असतो, तिथे ते भरायचे.

मेख आहे ती पद्धतीत. मोबाईल अंश दशांशात देतो, जुने डबे अनेकदा अंश-मिनिटांत मागतात. त्र्यंबकेश्वरचा अक्षांश १९ अंश ५६ मिनिटे, म्हणजे दशांशात १९.९३. कुणी ५६ मिनिटं हा दशांश समजून १९.५६ टाकलं, तर डबा तुम्हाला चाळीस-एक किलोमीटर दक्षिणेला, इगतपुरीच्याही खाली नेतो. देवदर्शन राहिलं बाजूला. डब्याच्या सेटिंगमध्ये पद्धत बदलता येते, ती दशांशावर करून ठेवा.

पावसाळ्यात कशावर विसंबायचं?

दोन्हींवर नाही. जानेवारी २०२१ मध्ये, म्हणजे पावसाळाही नसताना, कळसूबाईकडे निघालेली एक गाडी रात्री अकोले तालुक्यात कोतूळजवळ पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. पूल पाण्याखाली होता आणि नकाशावर मात्र तो रस्ताच होता. चालकाचा जीव गेला. वर्षातले काही महिने पाण्याखाली जाणारे फरशी पूल आपल्या भागात कितीतरी आहेत, आणि फोनला ते कुणीतरी कळवल्याशिवाय कळत नाहीत. रात्रीच्या वेळी नकाशा आडरस्ता सुचवत असेल आणि समोर एकही गाडी दिसत नसेल, तर थांबा. शेवटच्या गावात मागे या आणि टपरीवर विचारा.

शहरात आपल्याकडे त्याहून साधं माप आहे. गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं हे विचारायचं. कमरेच्या वर असेल तर पडदा काहीही म्हणो, गाडी रामकुंडाकडे आणि सराफ बाजाराकडे वळवायची नाही.

कुंभमेळ्यात काय उपयोगी पडेल?

२०२७च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी त्र्यंबक रोड, पंचवटी, नाशिकरोड इथली वाहतूक पोलीस वळवतील तशी जाईल. २०१५लाही तसंच होतं, गाड्या बाहेरच्या वाहनतळांवर अडवून पुढे बसने नेलं होतं. जुना डबा त्या दिवशी निरुपयोगी. मोबाईल बरा, पण एकाच जागी लाखो फोन असले की नेट रांगतं. त्यामुळे ऑफलाइन नकाशा हवा आणि बॅरिकेडवरच्या हवालदारांचं ऐकायचं.

जीपीएससारखी आपली भारतीय उपग्रह यंत्रणा ‘नाविक’ जुन्या डब्यात चालेल का?

नाही. तिचा सिग्नल ओळखणारी चिप लागते. अलीकडच्या अनेक मोबाईलमध्ये ती आहे, वेगळं काही करावं लागत नाही.

मग डब्याचं करायचं काय?

नकाशा फुकट अपडेट होत असेल तर गाडीत राहू द्या. लांबच्या प्रवासात तो वेग आणि दिशा दाखवत बसेल, फोन तापून बंद पडला तर हाताशी असेल. विकायचा असेल तर आधी फॅक्टरी रिसेट करा, कारण त्यात ‘घर’ म्हणून साठवलेली जागा खरोखर तुमचं घर असते, आणि जुन्या फेऱ्यांवरून तुम्ही घरी कधी नसता तेही कळतं. अगदीच टाकून द्यायचा असेल तर घंटागाडीतल्या ओल्या-सुक्या कचऱ्यात ढकलू नका. आतली बॅटरी चेपली तर पेट घेते. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, किंवा आमच्याकडे आणून ठेवा, आम्ही एकत्र करून पाठवतो. चार्जरची केबल मात्र काढून घ्या, ती लागते.